पगारमर्यादेच्या वर गेलेला संघ जुने खेळाडू राखतो कसा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: दर वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये बातमी येते की एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगचा, अमुक संघ पगारमर्यादेच्या, म्हणजे खेळाडूंवरच्या वार्षिक खर्चाच्या हद्दीच्या, दोन-चार कोटी डॉलर वर आहे. दोनच आठवड्यांत तोच संघ आपल्या तीन जुन्या खेळाडूंशी नवे करार करून मोकळा होतो. मग ही मर्यादा नावापुरतीच आहे का? आणि तसं असेल, तर डॅलसच्या संघाने २०२५ मध्ये मायका पार्सन्ससारखा नावाजलेला बचावपटू का जाऊ दिला?

मी मूळची कोल्हापूरची, सनदी लेखापाल. पेठांच्या फुटबॉलवर वाढले. इकडे अमेरिकेत आल्यावर कळलं की इथे फुटबॉल म्हणजे निराळाच खेळ. गेली सोळा वर्षं खेळाडूंच्या प्रतिनिधींसाठी करारांचे आकडे मांडते आहे. म्हणजे मी खेळाडूच्या बाजूने बसते. पण समोरच्या संघाचं गणित कळल्याशिवाय आमचं कामच होत नाही, म्हणून दोन्हीकडचं सांगते.

आधी सरळ उत्तर. मर्यादा खरी आहे आणि चांगलीच कडक आहे. पण ती संघाच्या तिजोरीवर नाही, हिशेबाच्या वर्षावर आहे. संघ यंदा खेळाडूच्या हातात किती पैसे ठेवतो ही एक गोष्ट. त्यातले यंदाच्या मर्यादेत किती धरले जातात ही दुसरी. आम्ही त्यांना नुसतं ‘रोख’ आणि ‘कॅप’ म्हणतो. कुठल्याही कराराचा कागद उघडा, हे दोन रकाने शेजारी शेजारी असतात. बातमीत बहुधा एकच येतो, आणि सगळा गोंधळ तिथून सुरू होतो.

कडक कशी, ते सांगते. प्रत्येक करार लीगच्या कार्यालयात जातो. त्या कराराने संघ मर्यादेबाहेर जाणार असेल, तर तो मंजूर होत नाही, विषय संपला. चोरवाटा शोधणाऱ्यांचं काय होतं तेही सगळ्यांनी पाहिलेलं आहे. डेन्व्हर ब्रॉन्कोसने १९९६ ते १९९८ या काळात काही खेळाडूंशी पैसे नंतर देण्याचे करार मर्यादेबाहेर ठेवून केले होते. त्यापायी २००१ मध्ये आणि पुन्हा २००४ मध्ये दंड झाला, आणि दोन्ही वेळा ड्राफ्टमधली, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतली, तिसऱ्या फेरीची निवड हातची गेली.

ज्यांना आयपीएलच्या हिशेबाची सवय आहे त्यांना पुढचा भाग चटकन पटत नाही. आयपीएलच्या २०२५ च्या मोठ्या लिलावाआधी प्रत्येक संघाकडे १२० कोटी रुपये होते. मुंबईने बुमरा, सूर्यकुमार, हार्दिक, रोहित आणि तिलक वर्मा या पाच जणांना राखलं, त्यात ७५ कोटी गेले, लिलावाला ४५ कोटी उरले. वजाबाकी संपली. बुमराच्या १८ कोटींतले १० कोटी २०२८ च्या खात्यावर टाका, असं म्हणायची सोय तिथे नाही. एनएफएलमध्ये ती सोय आहे.

ती सोय म्हणजे साइनिंग बोनस. करारावर सही करताना खेळाडूला जी एकरकमी रक्कम मिळते, ती कॅपच्या हिशेबात कराराच्या वर्षांवर सारखी वाटली जाते, जास्तीत जास्त पाच वर्षांवर. खेळाडूला पैसे आज, संघाला भार पाच हप्त्यांत. नियमित पगाराला मात्र ही सवलत नाही. तो ज्या वर्षाचा त्याच वर्षात धरला जातो.

आता एक उदाहरण, आकडे माझे. समजा एका खेळाडूचा यंदाचा पगार १ कोटी ५० लाख डॉलर आहे आणि कराराची दोन वर्षं शिल्लक आहेत. संघ त्याला म्हणतो, पगार किमान पातळीवर, समजा १२ लाखांवर आणू आणि उरलेले १ कोटी ३८ लाख बोनस म्हणून आजच देऊ. शिवाय करारापुढे तीन वर्षं जोडू. ती वर्षं नावाची. त्यांत तो खेळणार नाही, ठरलेल्या तारखेला ती आपोआप रद्द होतील. त्यांना ‘व्हॉइड इयर’ म्हणतात. आता १ कोटी ३८ लाख पाच वर्षांवर वाटले गेले: वर्षाला २७ लाख ६० हजार. यंदाच्या कॅपवर भार पडला १२ अधिक २७.६, म्हणजे ३९ लाख ६० हजार. दीड कोटीच्या जागी चाळीस लाखही नाहीत. एका सहीने १ कोटी १० लाख ४० हजार डॉलर मोकळे झाले. बातमीत ‘संघाने जागा केली’ असं येतं, ते हे.

आणि पुढच्या चार वर्षांत २७.६ गुणिले चार किती? १ कोटी १० लाख ४० हजार. तंतोतंत तेवढेच. एक डॉलर वाचलेला नाही, वर्ष बदललं. कॅपमध्ये खर्च टळत नाही.

खेळाडूचं यात काही जात नाही, हे मुद्दाम सांगते, कारण ‘त्याने संघासाठी त्याग केला’ अशा बातम्या फार येतात. हंगामभर तुकड्यातुकड्याने मिळणारा पगार त्याला एकदम मिळतो, आणि मिळालेला बोनस सहसा परत मागता येत नाही. आमच्याकडे असा प्रस्ताव आला की आम्ही बहुधा त्याच दिवशी हो म्हणतो. बऱ्याच करारांत तर संघाला हे परस्पर करायचा अधिकार आधीच लिहून दिलेला असतो.

मग पुढे ढकलण्यात संघाचा फायदा काय? व्याज नाही, हा फायदा. १९९४ मध्ये मर्यादा सुरू झाली तेव्हा ती ३ कोटी ४६ लाख डॉलर होती. २०२५ मध्ये २७ कोटी ९२ लाख. आकडा जवळजवळ दर वर्षी वाढतो. २०२१ च्या कॅपमध्ये १ कोटी १० लाख म्हणजे सहा टक्के. तेच पैसे २०२५ वर टाकले तर चार टक्क्यांच्या आत. भार तोच, पण वजन कमी. म्हणून शहाणे संघ थोडं पुढे ढकलतातच. फिलाडेल्फियाने तर हे धोरणच करून टाकलं आहे. त्यांचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) जेलन हर्ट्सचा २०२३ चा २५ कोटी ५० लाखांचा करार याच पद्धतीचा आहे.

आणखी एक छोटी गोष्ट, जी बाहेर सहसा कुणी सांगत नाही. हंगाम नसतो तेव्हा संघाकडे नव्वद खेळाडू असतात, पण कॅपमध्ये फक्त सर्वांत महाग एकावन्न जण धरले जातात. त्यामुळे ४० लाखांचा एक जुना खेळाडू परत घेतला की एक्कावन्नावा माणूस यादीबाहेर जातो, त्याचे आठेक लाख सुटतात, आणि निव्वळ भार ३२ लाखांचाच पडतो. पाच-सहा खेळाडू राखले की हे चाळीस-पन्नास लाख होतात. फेब्रुवारीतल्या भीतीदायक आकड्यातून आधी हे वजा करा.

आता खऱ्या गोष्टीकडे येते. जुने खेळाडू राखण्याचं सगळ्यांत मोठं उदाहरण म्हणजे टँपा बे, २०२१. आमच्या धंद्यात नव्या आलेल्या मुलांना मी पहिल्या आठवड्यात हाच कागद देते.

फेब्रुवारी २०२१ मध्ये टँपाने स्वतःच्याच मैदानावर कॅन्सस सिटीला ३१-९ ने हरवून सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. त्याच महिन्यात सगळ्या लीगवर संकट होतं. कोविडमुळे स्टेडियम रिकामी राहिली होती, उत्पन्न बुडालं होतं, आणि मर्यादा १९ कोटी ८२ लाखांवरून १८ कोटी २५ लाखांवर खाली आली. वाढत जाणाऱ्या आकड्याची सवय झालेल्या संघांना हा मोठा फटका होता. चांगले चांगले खेळाडू त्या मार्चमध्ये मोकळे सोडले गेले. आणि टँपाच्या जेत्या संघातले करार संपलेले कोण होते? शॅक बॅरेट, लव्हॉन्टे डेव्हिड, क्रिस गॉडविन, रॉब ग्रोंकाउस्की, एन्डामुकन सू, लेनर्ड फोर्नेट. अर्धा कणाच.

त्यांनी सगळे राखले. सुरुवातीच्या अकरांतले, आक्रमण आणि बचाव अशा दोन्ही बाजूंचे मिळून बावीसच्या बावीस. पगारमर्यादा आल्यापासून कुठल्याही सुपर बोल विजेत्याला हे जमलं नव्हतं.

कसं जमलं? आधी क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी. त्याचा करार कागदावर चार वर्षांनी वाढवला, त्यातलं एकच वर्ष खरं होतं, बाकीची रद्द होणारी. तेवढ्याने २०२१ च्या कॅपमधून सुमारे १ कोटी ९० लाख मोकळे झाले. मग लव्हॉन्टे डेव्हिड: दोन वर्षं, अडीच कोटी डॉलर, पुढे तीन व्हॉइड वर्षं. २०२१ च्या खात्यावर त्याचा भार सुमारे ३५ लाख. वर्षाला सव्वा कोटी मिळवणारा बचावातला लाइनबॅकर हिशेबात पस्तीस लाखांचा! मला आठवतं, ते आकडे समोर आले तेव्हा मी ते दोनदा ताडून पाहिले होते. बरोबर होते. बॅरेटला चार वर्षांचा मोठा करार दिला, कारण तो अठ्ठावीस वर्षांचा होता आणि त्याची चार वर्षं खरी असणार होती. सू आणि ग्रोंकाउस्की यांना एकेक वर्षच दिलं.

पण हे सगळं मार्च २०२१ मध्ये सुचलं म्हणून जमलं नाही. व्यवस्थापक जेसन लिक्ट आणि त्यांचे कॅप सांभाळणारे माइक ग्रीनबर्ग यांनी त्याआधी बरीच वर्षं उलट वाट धरली होती. साइनिंग बोनस जवळजवळ टाळायचा, ज्या वर्षाचा पैसा त्याच वर्षी मोजायचा. त्यामुळे जुन्या हप्त्यांचं ओझं डोक्यावर नव्हतं. दुसरे संघ ज्या खिडक्या आधीच वापरून बसले होते, त्या टँपाच्या सगळ्या बंद होत्या. वेळ आली तेव्हा एकदम उघडल्या. मला या सबंध गोष्टीत सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे. बावीस खेळाडू राखल्याचं कौतुक सगळे करतात, त्याआधीच्या कंटाळवाण्या वर्षांचं कुणी करत नाही.

ग्रोंकाउस्कीच्या कराराबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण त्यात एक नियम उघड्या डोळ्यांनी दिसतो. कामगिरीवर मिळणारे जादा पैसे यंदाच्या कॅपमध्ये धरायचे की नाही, हे गेल्या वर्षीच्या आकड्यावरून ठरतं. गेल्या वर्षी गाठलेला टप्पा असेल तर ‘मिळण्याजोगा’ म्हणून आधीच धरला जातो. न गाठलेला असेल तर यंदा शून्य, आणि गाठलाच तर पुढच्या वर्षी वळता होतो. ग्रोंकाउस्कीने २०२० मध्ये ४५ झेल घेतले आणि त्यांवर ६२३ यार्ड अंतर कापलं होतं. कराराने टप्पे ठेवले ५५ झेलांचा आणि ७५० यार्डांचा, प्रत्येकी ५ लाख डॉलर. दोन्ही आदल्या वर्षीच्या वर, म्हणून २०२१ च्या कॅपवर त्यांचा भार शून्य.

मग आला शेवटचा सामना, ९ जानेवारी २०२२, कॅरोलायनाविरुद्ध. त्या दिवशी सकाळी त्याच्या नावावर ४८ झेल आणि ६६५ यार्ड होते. ७ झेल आणि ८५ यार्ड हवे होते. यार्ड लवकर झाले. झेल सहावर अडकले. सामना हातात होता, निकाल ४१-१७ लागला, तिथे चव्वेचाळीस वर्षांच्या ब्रेडीला बाहेर बसवलं असतं तरी कुणी काही म्हटलं नसतं. पण तो आत थांबला, मित्राला तो एक चेंडू दिला, आणि मगच बाहेर आला. सात झेल, १३७ यार्ड, १० लाख डॉलर. टीव्हीवर ती मिठी सगळ्यांनी पाहिली. मला त्या क्षणी मार्चमधल्या कागदावरचा तो रकाना दिसत होता, जिथे शून्य लिहून एका खेळाडूला राखलं होतं.

२०२१ च्या हंगामात टँपाने १३ सामने जिंकले, ४ हरले. बाद फेरीत रॅम्सविरुद्ध २७-३ अशा पिछाडीवरून बरोबरी साधली, आणि शेवटच्या किकवर ३०-२७ ने हरले. दुसरा चषक आला नाही. पुढचं वर्ष ८-९. फेब्रुवारी २०२३ मध्ये ब्रेडी कायमचा निवृत्त झाला, आणि बिल समोर आलं.

खेळाडू गेला, सोडला किंवा निवृत्त झाला, की त्याच्या बोनसचे उरलेले सगळे हप्ते सहसा एकदम अंगावर येतात. त्याला ‘डेड मनी’ म्हणतात: माणूस नाही, नाव तेवढं हिशेबात. एकट्या ब्रेडीचे ३ कोटी ५१ लाख डॉलर २०२३ च्या कॅपवर बसले. इतरांचे धरून सगळं मिळून ७ कोटींच्या वर गेलं, तेही २२ कोटी ४८ लाखांच्या मर्यादेत. म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश पैसा मैदानात नसलेल्यांचा.

ही जागा नीट बघा, कारण ‘मर्यादा नावापुरती आहे’ म्हणणारे इथे थांबतच नाहीत. टँपाने ते बिल एका वर्षात भरून टाकलं. नवा महागडा क्वार्टरबॅक न घेता बेकर मेफिल्डला ४० लाखांच्या मूळ रकमेवर एका वर्षासाठी आणलं. तो त्या वर्षी जमला, ही नशिबाची बाजू. संघ विभागात पहिला आला, फिलाडेल्फियाला ३२-९ ने हरवलं. आणि मार्च २०२४ मध्ये खातं साफ असल्यामुळे मेफिल्डला तीन वर्षांचे १० कोटी, माइक एव्हान्सला दोन वर्षांचा करार, मग अँटवान विनफिल्डला चार वर्षांचे ८ कोटी ४१ लाख असं सगळं पुन्हा देता आलं. ठरवून ढकललं, ठरवून फेडलं.

न ठरवता ढकललं की काय होतं ते डेन्व्हरकडे बघा. रसेल विल्सनला २०२४ मध्ये सोडलं तेव्हा साडेआठ कोटींचं डेड मनी झालं. एका वर्षात पेलवेना म्हणून दोन वर्षांवर वाटावं लागलं.

आता मला खरं जे सांगायचं आहे ते. जुना खेळाडू राखताना ‘परवडतो का’ हा प्रश्न उशिराचा आहे. आधीचा प्रश्न असा, की ज्या वर्षांवर आपण त्याचे पैसे लिहितो आहोत, त्या वर्षी तो मैदानात असेल का? वय आणि शरीर, यांच्यापुढे कॅपचं कुठलंही कौशल्य चालत नाही. टँपानेच मार्च २०२२ मध्ये आपला सेंटर (आक्रमणाच्या फळीतला मधला खेळाडू) रायन जेन्सनला तीन वर्षांचे ३ कोटी ९० लाख दिले. करार योग्यच होता, माझ्या हातात असता तर मीही हाच केला असता. जुलैमध्ये सरावाच्या पहिल्या दिवसांतच त्याचा गुडघा गेला. तो परत फक्त एक सामना खेळला, डॅलसविरुद्धचा बाद फेरीचा. तीन वर्षांचे आकडे, एक सामना. उलट लव्हॉन्टे डेव्हिड २०१२ पासून तिथेच राहिला, पस्तिशीतही एकेका वर्षाच्या करारावर. तिशी ओलांडलेल्या खेळाडूला एकेक वर्ष द्यावं असं माझं मत आहे, आणि मी खेळाडूच्या बाजूची असून म्हणते. कारण फुगवलेली चार वर्षं त्याला दुसऱ्या मार्चला रस्त्यावर आणतात.

काही वर्षांपूर्वी असाच एक लाइनमन आणि त्याची बायको, दोघांसोबत त्यांच्या जेवणाच्या टेबलावर बसले होते. नावं सांगत नाही. मुलांचे रंगीत खडू बाजूला सारून मी कागद पसरला. पाच रकाने, वरपासून खालपर्यंत आकडे. तो बातमीतला एकूण आकडा पुन्हा पुन्हा वाचत होता. तिने लाल खडू उचलला, शेवटच्या तीन रकान्यांखाली रेघ मारली आणि विचारलं, “यातलं बँकेत कधी येणार?” मी म्हटलं, येणार नाही, ही वर्षं संघाच्या हिशेबासाठी आहेत. तिने शांतपणे ते तीन रकाने खोडले. मग दुसऱ्या वर्षाच्या पगारावर बोट ठेवून विचारलं, “आणि याची हमी कधीपासून?” मार्चच्या पाचव्या दिवशी, मी म्हटलं, त्याआधी सोडलं तर नाही. पुढचे दोन तास आम्ही फक्त त्या एका तारखेवर बोललो, आणि समोरच्या संघाशी नंतरचे चार दिवसही. कराराचा जीव त्या तारखेत होता, एकूण आकड्यात नव्हता. तेव्हापासून मी प्रत्येक कागदावर हमी नसलेली रक्कम पेन्सिलीने लिहिते.

फ्रँचाइज टॅगबद्दल थोडक्यात. संघ दर वर्षी आपल्या एका खेळाडूला एका वर्षासाठी अडवून ठेवू शकतो. त्याच्या जागेवरच्या सर्वांत महाग पगारांच्या सरासरीवर किंमत ठरते. टॅगचा सगळा भार त्याच वर्षाच्या कॅपवर, वाटून घ्यायची सोय नाही. दुसऱ्यांदा लावला तर आधीच्या रकमेच्या १२० टक्के. क्रिस गॉडविनला २०२१ मध्ये १ कोटी ५९ लाख ८३ हजारांचा टॅग लागला. डिसेंबरमध्ये त्याचा गुडघा फाटला. तरी टँपाने २०२२ मध्ये पुन्हा टॅग लावला, आता १ कोटी ९१ लाख ८० हजारांच्या आसपास, आणि लगेच त्याचं रूपांतर तीन वर्षांच्या ६ कोटींत केलं. जायबंदी माणसाला नुसत्या टॅगवर लटकवून ठेवता आलं असतं. त्यांनी तसं केलं नाही, याचा मला आदर आहे. टॅग हे बोलणी चालू ठेवायचं साधन म्हणून ठीक. सवय म्हणून वाईट: वॉशिंग्टनने कर्क कझिन्सला २०१६ आणि २०१७ असे लागोपाठ दोन टॅग लावले, ४ कोटींच्या वर रोख मोजली, आणि २०१८ मध्ये तो मिनेसोटाला निघून गेला.

जाऊ देणं नेहमी चूक नसतं. कॅन्सस सिटीने मार्च २०२२ मध्ये झेल घेणाऱ्या टायरीक हिलला मायामीला दिलं, बदल्यात पाच निवडी घेतल्या. त्यांतली एक वापरून बचावातल्या कॉर्नरबॅक ट्रेंट मॅकडफीपर्यंत पोचले. हिल संपलेला नव्हता. पुढच्या दोन्ही हंगामांत त्याने १,७०० यार्डांच्या वर मजल मारली. कॅन्सस सिटीने त्याच दोन्ही हंगामांत सुपर बोल जिंकला. क्वार्टरबॅक माहोम्सचा ४५ कोटींचा करार आधीच खात्यावर होता, दुसरा तेवढा जड खांब त्यांनी नको म्हटला. ठरवून म्हटला आणि मार्चमध्येच म्हटला.

आणि आता डॅलस. इथे माझं मत स्पष्ट आहे: पार्सन्स कॅपमुळे गेला नाही, उशिरामुळे गेला.

डॅलसची ही जुनी सवय. झेल घेणाऱ्या सीडी लॅम्बशी करार ऑगस्ट २०२४ मध्ये, त्याच जागेवरच्या जस्टिन जेफरसनने जूनमध्ये वर्षाला ३ कोटी ५० लाखांची पातळी ठरवून दिल्यानंतर. क्वार्टरबॅक डॅक प्रेस्कॉटशी करार हंगामाच्या पहिल्या सामन्याच्या दिवशी, वर्षाला ६ कोटी, आणि त्याच्या आधीच्या करारातच त्याला पुन्हा टॅग लावता येणार नाही असं लिहिलेलं होतं. म्हणजे थांबून संघाच्या हाती काहीच येणार नव्हतं. पार्सन्सच्या वेळी तर त्याच्यासारख्या बचावपटूंचा बाजार डोळ्यांदेखत चढत गेला. मार्च २०२५ मध्ये मॅक्स क्रॉस्बी वर्षाला ३ कोटी ५५ लाख, त्याच महिन्यात माइल्स गॅरेट ४ कोटी, जुलैमध्ये टी. जे. वॉट ४ कोटी १० लाख. सव्वीस वर्षांचा पार्सन्स या तिघांपेक्षा तरुण. प्रत्येक आठवड्याला त्याची किंमत वाढत होती.

मालक जेरी जोन्स यांनी जाहीरपणे सांगितलं की मार्चमध्ये ते पार्सन्सशी थेट बोलले आणि त्यांच्या मते व्यवहार ठरला होता. पार्सन्सचं म्हणणं, प्रतिनिधी नसताना आपण बोलणी करतच नव्हतो. मी त्या खोलीत नव्हते. पण इतकं सांगते, की मालकाशी झालेल्या गप्पांतून एकूण आकडा ठरू शकतो. हमी कुठल्या तारखेला लागू होते, बोनस किती वर्षांवर वाटायचा, दुखापत झाली तर काय, हे ठरत नाही. आणि लाल खडूने रेघ मारायची असते ती नेमकी तिथेच.

२८ ऑगस्टला डॅलसने त्याला ग्रीन बेला दिलं, पहिल्या फेरीच्या दोन निवडी आणि बचावपटू केनी क्लार्क घेऊन. ग्रीन बेने चार वर्षांचे १८ कोटी ८० लाख दिले, वर्षाला ४ कोटी ७० लाख. आता दोन रकाने शेजारी ठेवून बघा. डॅलसकडे राहिला असता तर पहिल्याच कराराच्या पाचव्या वर्षाच्या ठरलेल्या पगारावर त्याचा २०२५ चा भार २ कोटी ४० लाख होता. ग्रीन बेने एवढा मोठा करार केल्यावर त्यांच्या २०२५ च्या कॅपवर पडले १ कोटीच्या आसपास. एप्रिलमध्ये डॅलसने सही केली असती, तर त्यांच्याकडे खेळाडूही राहिला असता आणि त्या वर्षीची जागाही वाढली असती.